आकड्यांशी पटत नाही, पण हात चांगला आहे: कारखान्यात किंवा कारागिरीत काय करता येईल?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा यंदा दहावी झाला. भाषा, इतिहास, विज्ञानातल्या आकृत्या यांत बरं चाललं, गणितात मात्र काठावर पास. त्या काठावरच्या मार्कांसाठी दोन वर्षं घरात काय चाललं होतं ते आमचं आम्हाला ठाऊक. अपूर्णांकांची बेरीज समोर आली की पोराचे तळहात ओले व्हायचे, वहीच्या पानावर हाताचा ठसा उठायचा. मी त्याच्यावर ओरडले आहे, त्याचं आता वाईट वाटतं.

दुसरी बाजू सांगते. आमच्याकडे सासूबाईंच्या लग्नातला एक लाकडी पाट आहे. त्याचा एक पाय मोडला म्हणून मी तो बंबात घालायला काढला होता. याने चिंचेच्या लाकडाचा तुकडा घेतला, शेजारच्यांची वाकस मागून आणली आणि उरलेल्या तीन पायांशी सारखा लावून बघत नवा पाय तासला. पट्टी लावली नाही, पेन्सिल धरली नाही. पाट आता जरासुद्धा डुगडुगत नाही. रोज त्याच्यावर बसून भाजी निवडते.

तर विचारायचं असं की, कारखान्यात किंवा कारागिरीत अशी कोणती कामं आहेत जिथे दिवसभर आकड्यांशी झुंजावं लागत नाही? पोटापुरता पगार हवा, आणि दहा वर्षांनी त्याला स्वतःबद्दल बरं वाटेल असं काम हवं. ज्यांनी स्वतः केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा. "कॉमर्सला घाला" हा सल्ला तीन नातेवाइकांनी देऊन झालाय. आम्ही सांगली जिल्ह्यात असतो.

खडीसाखर

वाचतेय. माझी पुतणी अगदी अशीच आहे. पाटाचं वाचून छान वाटलं.

शिरोली_मोल्डर

ताई, मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, २४ वर्षं काढली. सुरुवात हेल्पर म्हणून, नंतर मोल्डर, आता सुपरवायझर. शाळा नववीत सुटली होती.

साच्याच्या वाळूचं सांगतो. वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी मिक्सरमध्ये फिरतं. ओलावा तीन-चार टक्क्यांच्या आसपास हवा असतो, प्रयोगशाळा तो मोजून कागदावर देते. पण कागद येईपर्यंत काम थांबत नाही. मिक्सरमधून मूठभर वाळू घ्यायची, घट्ट आवळायची आणि मूठ उघडायची. बोटांचे ठसे स्पष्ट उठले पाहिजेत. मग तो गोळा दोन्ही हातांनी मधोमध मोडायचा. कडा कोरीव राहिल्या तर वाळू तयार. कडा ढासळल्या तर कोरडी आहे, साचा धुपणार. तळहाताला चिकटून राहिली तर ओली आहे. असल्या साच्यात रस, म्हणजे वितळलेलं लोखंड, ओतला की वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये (ओतून झालेल्या नगात) भोकं पडतात. माझ्या वस्तादांना वजनकाटासुद्धा नीट वाचता यायचा नाही, पण त्यांनी "थांब" म्हटलं की कोणी रस ओतत नसे.

आता मोठ्या कारखान्यांत मोल्डिंग मशीनवर होतं. हाताचं मोल्डिंग एक-दोन नगांच्या मोठ्या जॉबसाठी राहिलंय, तिथे जाणकार माणसाला मान आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. उष्णता फार, आणि वाळूची बारीक धूळ छातीत बसली की निघत नाही. मास्क लावूनच काम करायचं हे पहिल्या दिवसापासून त्याच्या अंगी बाणवा. आमच्या पिढीने ते केलं नाही, दोन मित्र त्यापायी घरी बसले.

चाकण_पहिली_पाळी

मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. बाहेरून वाटतं कारखाना म्हणजे मोजमापं. मोजमापं असतातच, पण बऱ्याच जागी ती गेज बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असतात.

आमच्या लाइनवर भोक तपासायला गो आणि नो-गो गेज असतं. एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो. गो टोक भोकात सहज गेलं पाहिजे, नो-गो टोक अडलं पाहिजे. गो अडलं तर भोक लहान, नो-गो गेलं तर भोक मोठं, नग लाल पेटीत. भोक किती मिलिमीटरचं हे ऑपरेटरला माहीत नसलं तरी नग बरोबर तपासला जातो. बोल्ट आवळायला टॉर्क रेंच असतो, ठरलेल्या जोराला "टक्" असा झटका हाताला बसतो, तिथे थांबायचं. वायरिंगच्या लाइनवर मुली रंगांवर काम करतात, त्यांचा वेग बघण्यासारखा असतो.

टाळायचं काय तेही सांगतो. सीएनसीवर, म्हणजे आकडे भरून चालवायच्या मशीनवर, पाठवू नका. दिवसभर ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) भरा, मायक्रोमीटरने ०.०१ बघा, कमी करायचं की वाढवायचं ते ठरवा. अधिक-उणेची एक चूक झाली की टूल थेट जॉबवर आदळतं. आकड्याला घाबरणाऱ्याला तिथे रोज रात्री झोप लागणार नाही.

फळ्यासमोर

मी २८ वर्षं गणित शिकवतो आहे, म्हणून वेगळं मत मांडतो, राग नसावा. सोळा वर्षांच्या मुलासाठी "गणित नसलेलं काम" शोधणं म्हणजे त्याच्या भीतीला कायमचं घर बांधून देणं आहे. वर प्रतिसाद देणारे मोल्डरसाहेब आज सुपरवायझर आहेत, म्हणजे त्यांना हजेरी, वजन, रिजेक्शनचा हिशोब ठेवावा लागतोच. मुलगा पुढे गेला की आकडे त्याच्या समोर येणारच आहेत. कारखान्याला लागणारं गणित फार नाही: अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, क्षेत्रफळ, थोडं त्रिकोणांचं. हे सहा महिन्यांत शिकवता येतं.

शिरोली_मोल्डर

सर, हिशोब ठेवतो, खरं आहे. पण तो मी ३५ व्या वर्षी शिकलो, काम हातात बसल्यावर. वजन म्हणजे काय ते खांद्याला माहीत होतं, मग आकडा लवकर कळला. सोळाव्या वर्षी कोणी पाटीवर शिकवायला घेतलं असतं तर मी पळून गेलो असतो.

जवारी

हा धागा बघून राहवलं नाही. ताई, तुम्ही सांगलीच्या म्हणजे मिरज तुमच्या दारात आहे. आमच्या घरात सतार-तंबोऱ्यांचं काम चौथ्या पिढीत चालू आहे.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर, मंगळवेढा भागातून येतो. तो वाळवायला महिने जातात, मग कापायचा, तूणच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडायची, तबली (वरची लाकडी फळी) बसवायची. इथवर सुतारकाम आहे आणि त्यात मापं आहेत, पण ती आमच्याकडे पुठ्ठ्याच्या आणि पत्र्याच्या फर्म्यांत आहेत. फर्मा ठेवा आणि आखा. आजोबांचे फर्मे अजून वापरतो.

शेवटचं काम जवारी काढण्याचं. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर हलके घासत थरथरते आणि त्यातूनच तंबोऱ्याचा तो गुंजणारा, पसरत जाणारा आवाज येतो. उतार बिघडला तर तार एक तर मुकी वाजते, नाही तर पत्र्यासारखी झणझणते. त्यासाठी तार बाजूला करायची, कानसेचे दोन हलके हात मारायचे, तार परत घोडीवर ठेवायची, घोडी आणि तारेच्या मधे सुती दोरा सरकवायचा आणि ऐकायचं. परत काढायची, परत दोन हात. एका तंबोऱ्याला कधी अर्धा दिवस जातो. किती घासायचं याचा आकडा कुठल्याच वहीत नाही, माझ्या वडिलांनी मला तो कधी सांगितला नाही. ते फक्त म्हणायचे, "अजून बोलत नाही."

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे, पण शिकायला येणारी मुलं कमी आहेत हेही सांगायला हवं. पहिली चार-पाच वर्षं हातात फार पैसे येत नाहीत. मुलाचा कान कसा आहे ते बघा. सुरात गाता आलं नाही तरी चालेल, दोन आवाजांतला फरक ओळखता आला पाहिजे. एक दिवस घेऊन या, बसू दे आमच्यात.

वारणाकाठ

@जवारी, दादा, डोळ्यांत पाणी आलं वाचून. नक्की येतो. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवते.

@फळ्यासमोर, सर, राग अजिबात नाही. तुमचं म्हणणं मलाही रात्री छळतं.

येवल्याची_सून

कारागिरी म्हणजे आकडे नाहीत असा समज करून विणकामाकडे वळू नका एवढंच सांगते. आमच्याकडे तीन मागांवर पैठणी होते. पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली असते, आणि कुठला रंग किती ताण्यांपर्यंत न्यायचा ते मोजूनच चालतं. एक धागा इकडेतिकडे झाला तर मोराची मान वाकडी होते आणि ते चार बोटं वर गेल्यावर दिसतं. मग उसवायचं. माझ्या सासूबाई शाळेत गेल्या नाहीत, पण दिवसभर मोजतात. ओठ हलताना दिसतात.

ओळंबा

@येवल्याची_सून, ताई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार. पण त्याच सासूबाईंना बेरजेचा पेपर दिला तर सोडवतील का? मला वाटतं मोजणं आणि गणित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा मुलगा मोजण्याला घाबरत नाही. त्याने पाटाचा पाय तीन पायांशी लावून बघितला, म्हणजे मोजलंच की. फक्त मोजून आलेलं कागदावर लिहिलं नाही.

माझे वडील सुतार, काका गवंडी. वडील दारं करायला जायचे तेव्हा टेप खिशातच असायचा. एक लांब लाकडी पट्टी चौकटीत उभी धरायची, वर-खाली खुणा करायच्या, कडीची खूण, बिजागरीची खूण. ती पट्टी घरी आणून फळीवर ठेवायची आणि खुणा उतरवायच्या. साडेसहा फूट तीन सूत असं काही लिहायचं नाही, वाचताना चुकायचंही नाही. काकांकडे ओळंबा आणि पाण्याची नळी. भिंत सरळ आहे का, हे दोरीला टांगलेलं वजन सांगतं. दोन कोपरे एका पातळीत आहेत का, हे नळीतलं पाणी सांगतं. काटकोन आखायचा असला की दोरीला तीन, चार आणि पाच हातांवर गाठी मारून ताणायची. फळ्यासमोर सरांना त्यात पायथागोरस दिसेल, काकांना त्यात घराचा कोपरा दिसायचा.

फळ्यासमोर

ओळंबासाहेब, मला दोन्ही दिसतात. सुंदर लिहिलंत.

येवल्याची_सून

ओळंबा, पटलं अर्धं. सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "मी आकडे मोजत नाही, मोर मोजते." तरी माझा सल्ला तोच, ज्याला सतत मोजण्याने ताण येतो त्याने मागावर बसू नये.

सुईदोरा

शिवणकामाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. इथे दोन वेगळी कामं आहेत. कटिंग मास्तर छातीचा चौथा भाग घेणार, त्यात दीड इंच सोडणार, मुंढ्याचा हिशोब वेगळा, तिरक्या कापडाचा वेगळा. म्हणजे दिवसभर अपूर्णांक. कारागीर कापलेले तुकडे शिवतो. त्याला शिलाईची सरळ रेघ, कापडाचा ताण, कॉलरचं टोक जमलं पाहिजे. कारखान्यातल्या शिलाईत तर एकेक माणूस एकेकच भाग शिवतो. पैसे मास्तरला जास्त मिळतात, हे खरं. पण आमच्या दुकानातला कॉलरवाला कारागीर गेला तेव्हा मास्तरांचं काम आठवडाभर अडलं होतं.

खडीसाखर

आकडे नको म्हणून धागा काढला आणि या धाग्यात आतापर्यंत मिलिमीटर, इंच, सूत, टक्के, हात, बोटं सगळं येऊन गेलं :) आता फक्त मण आणि शेर राहिलेत.

तांब्याभांडे

अवांतर: पुण्यात तांबट आळीतून कधी सकाळी चालत गेलात का? ठोक्यांचा आवाज आधी गोंगाट वाटतो, थोडं थांबलं की प्रत्येकाचा ठेका वेगळा ऐकू येतो. मठारकाम म्हणजे तांब्याच्या भांड्यावर एकाशेजारी एक ठोके देत जाणं. त्याने पत्रा घट्ट होतो आणि ती चमकदार नक्षी उठते. ठोक्यांमधलं अंतर कोणी मोजत नाही, पण सगळीकडे सारखं असतं. आळीला पेशवाईपासूनचा इतिहास आहे. आता मोजकी घरं उरली आहेत, तरीही सांगून ठेवते.

वेल्डिंग_सहाजी

उशिरा आलो, पण तुमच्या मुलाचं वाचून वाटलं हा पोरगा वेल्डिंगचा आहे. मी मूळचा जत तालुक्यातला, सध्या आखातात पाइपलाइनच्या कामावर आहे. मला गणितात दहावीला दोनदा नापास केलं होतं.

आधी एक फरक समजून घ्या, कारण इथे बरेच जण फसतात. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये फिटर आणि वेल्डर ही दोन वेगळी माणसं. ड्रॉइंग वाचणं, पत्रा आखणं, कोन काढणं, पाइप कुठे कापायचा ते ठरवणं हे फिटरचं. तिथे डोकं आकड्यांत बुडालेलं असतं. फिटर जोडून, टाके मारून देतो, मग वेल्डर येतो.

वेल्डरचं सगळं डोळा, कान आणि मनगटात. काळ्या काचेतून फक्त वितळलेल्या लोखंडाचं बोराएवढं डबकं दिसतं. त्या डबक्यात स्लॅग (वितळलेला मळ) वेगळा तरंगतो, धातू वेगळा चमकतो. ते दोन वेगळे दिसायला लागले ना, त्या दिवशी माणूस वेल्डर झाला. मला दोन महिने लागले. करंट बरोबर असला की आवाज एकसारखा येतो, तेल नीट तापल्यावर भजी सोडली की येतो तसा. करंट कमी असला तर रॉड चिकटतो, जास्त असला तर ठिणग्या उडतात आणि जोडाच्या कडेला खाच पडते. मशीनवर अँपिअरचा आकडा असतो, ३.१५ मिलिमीटरच्या ७०१८ रॉडला मी ११० ते १३० मध्ये ठेवतो. असे चार-पाच आकडे पाठ झाले की पुरे. पुढे परीक्षा असते ती सहाजी (6G). पाइप ४५ अंशांत तिरका पक्का बसवतात, तो हलवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती वाकून, बसून, मान उलटी करून पूर्ण गोल जोडायचा. मग त्या जोडाचा एक्स-रे काढतात किंवा पट्ट्या कापून वाकवून बघतात. तिथे मार्कशीट कोणी विचारत नाही. जोड फुटला की फुटला, टिकला की टिकला.

त्रासही सांगतो. धूर असतो, म्हणून हवेकडे पाठ-पोट बघून उभं राहायला शिकायचं. काच न लावता आर्ककडे बघितलं तर रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं, पहिल्या वर्षी प्रत्येकाचं एकदा होतं. त्याचं एकदाही होऊ देऊ नका.

आयटीआय_निदेशक

वेल्डिंग_सहाजी यांनी फिटर-वेल्डरचा फरक सांगितला तो फार महत्त्वाचा आहे. प्रवेशाच्या वेळी पालक "फिटर म्हणजे सगळ्यात चांगला ट्रेड" एवढं ऐकून येतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड आणि मोजमापावर उभे आहेत. व्हर्नियरचा, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीचा, ०.०२ मिलिमीटर वाचता आलाच पाहिजे. वेल्डर एक वर्षाचा, त्याला दहावी नापास मुलांनाही प्रवेश असतो. सुतारकाम, प्लंबर, फाउंड्रीमन हेही एक वर्षाचे आहेत. शिवणकामाचा ट्रेड अभियांत्रिकी गटात येत नाही, त्यामुळे त्यात गणिताचा स्वतंत्र विषय नाही.

एक गोष्ट लपवणार नाही. वेल्डरलाही वर्कशॉप कॅल्क्युलेशन हा विषय असतो. पण लेखी परीक्षा पर्यायांची असते आणि आमच्याकडे हाताने उत्तम काम करणारी, गणिताला घाबरणारी मुलं दरवर्षी पास होतात. मी त्यांना व्हर्नियर फळ्यावर शिकवत नाही. आधी एक नाणं हातात देतो, जाडी अंदाजाने सांगायला लावतो, मग मोजायला लावतो. दहा नाणी झाली की चेहऱ्यावरची भीती उतरते. आयटीआय झाल्यावर शिकाऊ उमेदवारी जरूर करा, १९६१ चा कायदा आहे, विद्यावेतन मिळतं.

दोन_पाय_जमिनीवर

ताई, एक हळवा विषय काढते. तळहात ओले होणं, वर्षानुवर्षं अपूर्णांक न समजणं, बाकी सगळ्यात हुशार असणं, हे माझ्या मुलीचंही असंच होतं. तिला डिसकॅल्क्युलिया, म्हणजे आकडे समजण्यातली अक्षमता, निघाला. आम्ही तोवर तिला आळशी म्हणत होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्याच्या अक्षमतांमध्ये याचा समावेश आहे. तपासणी झाल्यावर मुलीला दहावीला कॅल्क्युलेटर वापरायची परवानगी मिळाली. तुमच्या मुलाला असेलच असं नाही, नुसती भीतीही असू शकते. पण एकदा सरकारी केंद्रात तपासून घ्या. प्रमाणपत्र मिळो न मिळो, त्याला कळू दे की यात त्याचा दोष नाही. माझी मुलगी आता मातीची भांडी करते, भट्टीचं तापमान कंट्रोलरवर आधीच भरून ठेवते आणि झिलईचं वजन काट्यावर दोनदा बघते. दोनदा बघायची सवय झाली की झालं.

नगावर_मजुरी

या धाग्यावर सगळे कामाबद्दल बोलले, मजुरीबद्दल कोणी बोललं नाही. माझी गोष्ट सांगतो.

२००९ साली एका वर्कशॉपमध्ये कास्टिंगच्या बर (कडेला उरलेले धारदार कंगोरे) काढायचं काम करायचो. कानस घेऊन कडा साफ करायच्या. हात वेगवान होता, मालक तोंड भरून कौतुक करायचे. दर २२ पैसे नग. पंधरवड्याला मालक वहीत काहीतरी लिहायचे आणि पैसे हातात ठेवायचे. मला गुणाकार येत नव्हता आणि विचारायची लाज वाटायची. एकदा ९,००० नग झाले होते, ते मला पक्कं आठवत होतं कारण पेट्या मीच मोजल्या होत्या. हातात १,६२० रुपये आले. घरी धाकट्या बहिणीने पाटीवर मांडून दाखवलं, १,९८० व्हायला हवे होते. त्या रात्री जेवलो नाही. मागचे चौदा महिने असंच झालं असणार.

काम आकड्यांशिवाय करता येतं, मी केलंय. मजुरी आकड्यांशिवाय घेता येत नाही. मुलाला दुसरं काही नाही शिकवलं तरी मोबाइलवर नग गुणिले दर करायला शिकवा, आणि नग रोज स्वतःच्या वहीत लिहायला. मी आजही लिहितो. आता माझ्याकडे सहा मुलं काम करतात, शनिवारी प्रत्येकाला त्याच्या वहीवरून हिशोब वाचायला लावतो, मगच पैसे देतो.

शिरोली_मोल्डर

दादा, हात जोडतो तुम्हाला.

फळ्यासमोर

नगावर_मजुरी यांचा प्रतिसाद मी माझ्या दहावीच्या वर्गात वाचून दाखवणार आहे, त्यांची परवानगी असेल तर.

ताई, माझा पहिला प्रतिसाद मी पुन्हा वाचला. "सहा महिन्यांत शिकवता येतं" हे मी कुणाला शिकवायचं ते न बघता लिहिलं. मुलाला वही देऊ नका. इंचाचा टेप द्या. त्यावर अर्ध्या इंचाची रेघ सगळ्यात लांब, पाव इंचाची तिच्याहून आखूड, एक अष्टमांशाची आणखी आखूड. आधी त्याला फक्त रेघांची उंची ओळखू द्या, नावं नंतर. आणि पाटाचा पाय किती उंच आहे ते त्याला मोजायला सांगा, केलेलं काम मोजताना हात घाम धरत नाही.

नगावर_मजुरी

वाचून दाखवा सर.

पॅटर्नवाला

फाउंड्रीचा विषय निघालाय म्हणून एक वस्तू सांगतो, मला फार आवडते. रस थंड होताना लोखंड आटतं, साधारण शंभराला एक. म्हणून लाकडी पॅटर्न (ज्याचा ठसा वाळूत घेऊन साचा होतो तो नमुना) तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक मापात एक टक्का मिळवत बसायला नको म्हणून आमच्याकडे आटीची वेगळी पट्टी असते. तिच्यावर ३०० लिहिलेलं असतं तिथे खरं अंतर ३०३ असतं. ड्रॉइंगमधला आकडा बघायचा आणि या पट्टीवर तोच आकडा धरायचा. हिशोब पट्टीच्या पोटात आहे. ॲल्युमिनियमची पट्टी वेगळी, पोलादाची वेगळी. चुकून दुसरी पट्टी उचलली तर अख्खा पॅटर्न वाया, म्हणून आमच्याकडे त्यांना वेगळ्या रंगांचे पट्टे मारलेत.

पेणकर

गणपतीच्या कारखान्यांचंही लिहा कोणीतरी म्हणून थांबलो होतो, मीच लिहितो. पेण, हमरापूर, जोहे भागात साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, रंगाचे हात देणारे वेगळे आणि डोळ्यांची आखणी करणारे वेगळे. आखणी करणारा शेवटी येतो. श्वास रोखून ब्रशचं एक टोक ओढायचं, दुसऱ्या डोळ्याला तीच नजर आली पाहिजे. मूर्ती सहा इंची असो की चार फुटी, नजर समोरच्यावर पडली पाहिजे. हंगामी काम आहे, पण आखणीवाल्याला कारखानदार घरी बोलवायला येतो.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे गप्प होते कारण आम्ही फिरत होतो.

मिरजेला गेलो. जवारीदादांच्या वडिलांनी त्याला दोन तंबोरे ऐकवले आणि विचारलं, कुठला बोलतोय? चारपैकी तीन वेळा बरोबर सांगितलं. तिथून निघताना तो म्हणाला, "आई, मला हे आवडलं, पण मला मोठं काहीतरी जोडायचंय." आजोबा हसले आणि म्हणाले, "रविवारी येत जा."

मग गावातल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये चार दिवस बसवला. चौथ्या दिवशी त्यांनी हातात होल्डर दिला. संध्याकाळी घरी आला तो एक पट्टी घेऊन, दोन तुकडे जोडलेले, वरचा जोड वेडावाकडा. मला म्हणाला, शेवटचं बोटभर बघ फक्त. ते बोटभर खरंच सरळ होतं.

तपासणीचीही तारीख घेतली आहे. इंचाचा टेप आणलाय, पाटाचा पाय मोजून झाला. चार आणि पाव आला, बाकीचे तीनही चार आणि पाव. तो बराच वेळ टेपकडे बघत बसला होता.

आयटीआयला वेल्डरचा अर्ज भरतोय. नगांच्या हिशोबाची वही मी आत्ताच आणून ठेवली आहे, निळ्या पुठ्ठ्याची. @वेल्डिंग_सहाजी, भाऊ, हातमोजे आणि कपडे कसले घ्यायचे ते सांगाल का? बाजारात दुकानदार रबराचे देतोय.

वेल्डिंग_सहाजी

रबराचे अजिबात नको ताई, वितळून कातडीला चिकटतील. चामड्याचे घ्या, मनगटाच्या वर कोपराकडे येणारे. शर्ट जाड सुती, पूर्ण बाह्यांचा, खिशाला झाकण असलेला. नायलॉन, टेरिकॉट चालणार नाही. पँट बुटाच्या वरून खाली सोडलेली, आत खोचलेली नको, ठिणगी बुटात पडते. आणि ती पहिली पट्टी टाकून देऊ नका, तारीख घालून ठेवा.